टोपीचं टोक

प्रिय मामाजी,

सासऱ्याला ‘प्रिय’ लिहितात का, मला माहीत नाही. आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, पण ते लग्नपत्रिकेतल्यासारखं दिसायला लागलं म्हणून खोडलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तुमच्याशी कधी समोर बसून बोलले नाही. जे काही बोलायचं ते दाराच्या चौकटीला टेकून, अर्धं तुमच्याकडे नि अर्धं भिंतीकडे बघत. आत्ताही बघा ना, घरात कोणी नाही, यांची आज पुलगावच्या गाडीवर ड्युटी आहे, आणि तरी हे लिहायला बसताना मी पदर डोक्यावर ओढून घेतलाच!

का लिहिते आहे ते आधी सांगते. मी किसनकाकांची टोपी उसवून ठेवली आहे. होय, तुमचे दोस्त किसनकाका, आणि टोपी तुमच्याच हातची. तिचे तुकडे माझ्यापुढे पडलेत आणि त्यांची परत टोपी करणं मला जमत नाहीये. त्यात आज दुपारी काका ओट्यावर बसून एक गोष्ट बोलून गेले, तेव्हापासून मी शिवण बाजूला सारून कागद घेऊन बसले आहे. ती गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. ती तुमची नि माझी आहे.

आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. अख्ख्या देवळी गावाला टोप्या शिवून देणारा माणूस, आणि स्वतःच्या डोक्यावर काठ विरलेली, पिवळी पडलेली टोपी! मला लाज वाटायची. लोक म्हणतील, सून बघत नाही. तेव्हा कळलं की तुमची टोपी नेहमी आत्याबाई शिवायच्या. टोपी शिवणाऱ्याने आपली टोपी आपण शिवू नये, हा तुमचा नियम. मी दारातून विचारलं होतं, “शिवली तर काय होतं?” तुम्ही म्हणालात, “काई होत नाई. बराबर बसत नाई, बस.”

मी पिको-फॉलवाली, ब्लाउज शिवणारी. जीभ चुरूचुरू चालली माझी. म्हटलं, “मामाजी, द्या कापड, मशीनवर अर्ध्या तासात काढून देते.” तुम्ही असं बघितलंत जसं काही मी देवाला शिळा भात दाखवला! “मशीनीले डोकं नसते, बाई. अन् टोपी डोक्याची चीज हाये.” मग बराच वेळ सुई कानामागे घासत बसलात आणि कापडाकडे बघत म्हणालात, “शिकतं का?”

आपली शाळाही कशी! तुम्ही समोरच्या खोलीत सतरंजीवर, मी मधल्या खोलीत उंबऱ्याच्या अलीकडे. कापड उंबऱ्यावरून इकडून तिकडे जायचं. मी टाके घालून सरकवायचे, तुम्ही बघून परत सरकवायचे. “टाका दिसला तं टाका नाई.” “दोरा ओढू नोको, तो काई बैल हाये?” कोऱ्या खादीला आधी रात्रभर पाण्यात घाल, मगच कात्री लाव, नाहीतर टोपी पहिल्याच धुण्यात आकसते आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. हे सगळं तुम्ही शिकवलंत. प्रेमाने शिकवलंत असं मी म्हणणार नाही. एकदा माझी पट्टी वाकडी आली म्हणून तुम्ही ती खिडकीतून बाहेर फेकली होती, आणि समोरच्या पानठेल्यावरच्या लोकांनी ती आणून दिली.

आणि वितीचा तो तमाशा! तुम्ही म्हणालात, दोन वीत अन् पाच बोटं. मी मोजलं, कापलं, शिवलं. मोठ्या ऐटीत उंबऱ्यावरून तीन टोप्या सरकवल्या. तुम्ही एक डोक्यावर ठेवलीत तर ती बरणीवर झाकण ठेवावं तशी वरच बसली. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. “अवं, माह्या वितीनं वं! तुह्या वितीनं तं पाळण्यातल्या पोट्ट्याची होते!” मग तुम्ही कापडावर पंजा पसरलात आणि म्हणालात, घे खडू. मी उंबऱ्याच्या आतून हात लांब करून तुमच्या पंजाभोवती रेघ मारली. तुमच्या बोटाला खडूसुद्धा लागू नये म्हणून किती जपत होते मी!

त्या तीन टोप्या तुम्ही टाकल्या नाहीत. शेजारच्या पोरांच्या डोक्यावर घातल्यात आणि अख्खा आठवडा ती पोरं गल्लीत पुढारी होऊन फिरली.

सगळं शिकवलंत. पट्टी, माथा, अस्तर, तुरपाई, खळ किती घट्ट शिजवायची ते. एक टोक तेवढं सोडून! टोपीला समोर ते जे टोक येतं, ज्याने टोपी टोपी दिसते, नाहीतर नुसती कापडाची पिशवी, ते मला कधी दाखवलं नाहीत. खळीची ओलसर टोपी फडक्यात गुंडाळायची, थैलीत टाकायची, आणि सकाळी उन्हं चढायच्या आत तुम्ही निघायचे. परत यायचे ते रिकामी थैली घेऊन. मला वाटायचं, टोक कुठेतरी बाजूला बसून काढता आणि गिऱ्हाइकाला नेऊन देता. मी कितीदा विचारलं! “टोक मी पाहून घेईन. तुले शेवटी शिकवीन.” एकदा तर मी चिडून म्हटलं, “एवढं काय आहे हो त्या टोकात?” तुम्ही कान खाजवलात, इकडे तिकडे बघितलंत आणि म्हणालात, “मले इचार करा लागन.”

मला ते लागलं होतं, मामाजी. वाटलं, हिचा हात अजून कच्चा आहे असंच म्हणायचंय यांना. मी पण अडून बसले. नाही विचारलं पुन्हा, आणि तुमची टोपी तेवढी शिवायची राहिली; तुम्ही तीच विरलेली घालत राहिलात.

आणि मग तो लकवा. चहाची बशी हातातून सुटली, तुम्ही उजव्या बाजूला कलंडलात, आणि मी चौकटीतच उभी राहिले. धावत येऊन तुम्हाला धरायलासुद्धा मला क्षणभर सुचलं नाही. शेजारच्यांना हाका मारल्या, यांना फोन लावला, गाडी आली. दवाखान्यात कुठल्याशा तपासणीला नेताना डोक्यावरची टोपी काढली, ती नंतर सापडलीच नाही. आत्याबाईंच्या हातची शेवटची होती ती. सगळ्या खाटा, सगळ्या खुर्च्यांखाली मी वाकून पाहिलं.

तुम्ही घरी आलात ते उजवा हात गमावून, बोलणं गमावून आणि उघड्या डोक्याने. पहिल्या दोन्ही गोष्टी तुम्ही सोसल्या. तिसरी मात्र सोसवत नव्हती तुम्हाला. भेटायला कोणी आलं की डाव्या हाताने चादर ओढून डोक्यावर घ्यायचे. लोक चादरीशी बोलून परत जायचे. यांनी बाजारातून एक टोपी आणून घातली तर ती काढून भिरकावलीत. मला मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

मग ते सुरू झालं. मी खोलीत आले की तुम्ही डावा हात उचलायचे आणि स्वतःच्या डोक्यावर थापटायचे. मग माझ्या हातांकडे बोट दाखवायचे. परत डोकं. परत माझे हात. घशातून “आँ… आँ” असा आवाज. मी म्हटलं, कळलं मामाजी, माझ्या हातची टोपी पाहिजे ना? शिवते. घरातले सगळे म्हणाले, हो, टोपीच मागून राह्यले. पुष्पावन्सं सिंदीहून आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, “वैनी, बाबाले टोपी शिवून दे वं लवकर. जीव अडकला त्याच्यात.” सख्ख्या लेकीला कळलं, मग आणखी शंका कशाला घ्यायची?

मी शिवली. टाके असे बारीक घातले की तुम्ही बरे असता तर एक शब्द बोलला नसता. टोक मात्र कसं काढायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून पिठाचा डबा पालथा घालून त्यावर टोपी चढवली आणि चिमटीने दाबून दाबून टोक काढलं. बरं दिसलं. उशीजवळ नेऊन ठेवली. डोक्यावर घालायचं काम यांचं, ते मी कसं करणार? यांनी घातली. टोक एका बाजूला पडलं, आजारी कोंबड्याचा तुरा पडतो तसं. तुम्ही मान हलवलीत. नाही. परत डोक्यावर हात, परत माझ्या हातांकडे बोट.

दुसरी शिवली. टोक गुडघ्यावर काढलं. नाही! तिसरीचं टोक आतून टाका घालून पक्कं केलं. तुम्ही टोपी हातात घेतलीत, अंगठ्याने तो टाका चाचपलात आणि डोळे मिटून घेतलेत. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कानापर्यंत गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. काय पाहिजे हो तुम्हाला? मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? रात्रंदिवस हाच विचार, की माझा हात यांना पसंत नाही, आणि मरायच्या आत मी यांचं डोकं झाकू शकत नाही.

चौथी अर्धी झाली होती, तेव्हा तुम्ही गेलात.

पुष्पावन्सं येताना सिंदीच्या दुकानातून कोरी टोपी घेऊन आल्या, पांढरी फटफटीत, आत पुठ्ठा घातलेली. मी फळीवरून माझी काढून आणली, तर तुमच्या भावकीतले एकजण म्हणाले, “टोक पडलेली टोपी घालून पाठवता का माणसाले?” मी ती पदराखाली घेतली. ज्याने गावभर डोकी सजवली त्याला पुठ्ठ्याची टोपी घालून नेलं, आणि मी पाया पडून बाजूला झाले. काय बोलणार होते मी? टोक पडलेलं होतंच.

त्यानंतर सुईला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण मागच्या महिन्यात किसनकाका आले, अस्तर फाटलं म्हणून टोपी घेऊन. ती हातात घेतली आणि तिचं टोक बघतच राहिले. सरळ, ताठ, कपाळाच्या मधोमध. वाटलं, याच्या आत काहीतरी असणार, एखादा चोरटाका, एखादी घडी, जी तुम्ही मला दाखवली नाही. मी म्हटलं, “काका, उसवू का ही?” ते घाबरलेच. मग म्हणाले, “उसव वं बाई. त्यानं शिकवलं नसन तं त्याच्या टोपीनंच शिकवू दे. मी दुपट्टा बांधीन.”

एक-एक टाका कात्रीच्या टोकाने कापून काढला, मामाजी. अस्तर काढलं, माथा काढला. टोकाच्या जागी काही नव्हतं. ना टाका, ना घडी, ना दोरा! नुसती सपाट खादी, जराशी दुमड पडलेली. पाणी लावल्यावर तीही गेली. होती नव्हती ती टोपी मी संपवली आणि हाताला काहीच लागलं नाही. जोडून पाहिली तीनदा. तीनदा तेच, आजारी कोंबडा. किसनकाका रोज सकाळी डोक्याला दुपट्टा गुंडाळून ओट्यावर येऊन बसत. झाली का म्हणून एकदाही विचारत नव्हते. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आज दुपारी माझा धीर सुटला. बाहेर आले आणि म्हटलं, “काका, नाही जमत मला. मामाजी ते टोक कशावर ठेवून काढायचे, एवढं कोणीतरी सांगा हो!”

“कशावर?” किसनकाका माझ्याकडे बघायला लागले. “आनखी कशावर काढन तो? माह्या घरी येत जाय सकाळी. वली टोपी माह्या डोक्यावर ठेवे, अन् दोन्ही अंगठ्यानं समोरून दाबून धरे. वाळेपर्यंत मले बोलू दे ना हालू दे. ज्याचं टोक त्याच्याच कपाळावर निंगते, म्हणे. तुले नाई सांगतलं काय त्यानं?”

“नाही.”

काकांनी दुपट्ट्याचं टोक तोंडावरून फिरवलं. मग म्हणाले, “कसं सांगन, बाई? सून होती तू त्याची. पराया माणसाच्या डोक्याले हात लाव, असं कोनता सासरा सांगन? मले एक डाव बोलला होता. पोरीचा हात माह्यापेक्षा साफ झाला म्हणे, पन टोक शिकवू कोनाच्या डोक्यावर? म्या म्हटलं, तुह्याच डोक्यावर शिकव ना लेका. तं चूपच बसला.”

मी आत आले आणि जमिनीवर बसले.

तुम्ही टोपी मागत नव्हता. डोक्यावर थाप मारत होता, माझ्या हातांकडे बोट दाखवत होता, आणि म्हणत होता, ये, इथे हात ठेव, शिकवतो. जिभेने जे सांगायला लाजलात ते जीभ गेल्यावर सांगत होता! आणि मी पळत जायचे आणि नवीन टोपी शिवून आणायचे. ती उशीजवळ ठेवायचे, डोक्याला धक्का लागणार नाही अशी. तुम्ही मान हलवली की वाटायचं, टोपी आवडली नाही. अहो, तुमचं डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं!

काऊन नाई सांगतलं, मामाजी? तुम्ही धडधाकट होता, बोलत होता, शिव्या घालत होता, तेव्हा काऊन नाई सांगतलं? पट्टी खिडकीतून फेकताना नाही लाजलात, मग एवढ्यालाच कसली लाज? मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं? म्हटलंही असतं कदाचित. पहिल्या दिवशी म्हटलं असतं, दुसऱ्या दिवशी आले असते उंबरा ओलांडून. मी तुम्हाला चमच्याने पेज भरवली, तुमची धोतरं नि चादरी धुतल्या, तुमचे पाय चोळले. पायांना हात चालतो आणि डोक्याला चालत नाही, हे कोणी ठरवलं होतं? मी तर कधी विचारलंच नाही कोणाला. तुम्हीही नाही विचारलं. दोघंही आपापल्या जागी मान राखत बसलो, आणि आता मी हे कागदाला सांगते आहे.

तुमचा खूप राग आलाय. आणि तुमची खूप आठवण येतेय. दोन्हीचं काय करायचं, कळत नाही. काकांनी सांगितलं म्हणून मला आता टोक येतं असंही नाही. अंगठा किती जोराने दाबायचा, कुठवर धरायचा, सोडायचा केव्हा, हे तुमच्या हाताने माझा हात धरून दाखवायचं होतं. ते आता कोण दाखवणार?

किसनकाकांना सांगितलंय, उद्या सकाळी या. हे पत्र संपलं की रात्रीच त्यांची टोपी जोडून, खळ देऊन ठेवीन. काका म्हणाले, “ओट्यावर बसू का आत? लोकं पाह्यतीन, बाई.” मी म्हटलं, “ओट्यावरच बसा, काका. पाहू द्या.” बोलून तर गेले. यांना सांगितलं फोनवर, तर गाडीच्या आवाजात हे एवढंच म्हणाले, “बाबाचं काम हाये, कर.” उद्या ते टोक उभं राहील की पडेल, मला माहीत नाही. पडलं तर परवा परत ओलं करीन. काकांना वेळच वेळ आहे. मलाही आहे. तुम्हाला तेवढा नव्हता.

मामाजी, एक वचन देते. फळीवर ती चौथी टोपी आहे ना, तुमच्या मापाची, अर्धी राहिलेली? ती मी पुरी करीन. अस्तर लावीन, तुरपाई करीन, खळ देईन. देवळीतल्या सगळ्या डोक्यांवर मला टोक काढता आलं तरी त्या टोपीचं काढणार नाही. डब्यावर नाही, गुडघ्यावर नाही, तुमच्या मुलाच्या डोक्यावरही नाही. ती तशीच राहील, बिनटोकाची.

तुमची सून,
वंदना